व्हाउचर कुठे आहे?

गेल्या भीमजयंतीला आम्ही स्टेजवरून ठासून सांगितले, की बाबासाहेबांचा जन्मदिन संयुक्त राष्ट्रसंघाने 'जागतिक ज्ञान दिन' म्हणून जाहीर केला आहे. टाळ्या पडल्या. खाली उतरलो तर वस्तीतली बारावीची मुलगी हळूच म्हणाली, "जयभीम काका. ते खोटं आहे असं मोबाईलवर वाचलं मी." आम्हाला रागच आला. बाबासाहेबांचा मोठेपणा खुपणारे काय थोडे आहेत!

रात्री ती तपासणी वाचली. तिच्यात राष्ट्रसंघाच्या आंतरराष्ट्रीय दिनांची यादी कुठे पाहायची ते दिले होते. स्वतः उघडून पाहिली. तसा दिवस यादीत नाही. एप्रिल २०१६ मध्ये न्यूयॉर्कला राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात १२५ वी जयंती साजरी झाली हे खरे, पण कार्यक्रम भारताच्या कार्यालयाने घेतलेला होता.

आम्ही कारकून माणूस. व्हाउचर नसेल तर साहेबांचे बिलसुद्धा पुढे सरकत नाही. खोट्या बातम्या पकडणाऱ्यांनाही आम्ही तोच नियम लावतो. नुसता 'खोटे' असा लाल शिक्का मारून भागत नाही, मूळ कागद दाखवा. आणि पैसा कुणाचा, तेही सांगा. आल्ट न्यूज लोकांच्या देणग्यांवर चालते व तसे उघड सांगते. पीआयबी फॅक्ट चेक २०१९ पासून आहे, पण ते केंद्र सरकारचेच. सरकारी योजनेच्या नावाने फिरणारा बनावट फॉर्म ओळखायला ते उपयोगी पडते. पण सरकारवरच्याच आरोपाची तपासणी असेल, तर ते कॅशियरने स्वतःच्या कॅशचे ऑडिट केल्यासारखे होईल. केंद्राने २०२३ मध्ये नियमच केला होता, की सरकारी कामकाजाविषयी काय खोटे ते सरकारी पथक ठरवील. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला.

आमची खरी परीक्षा मात्र वेगळीच आहे. विरोधकांची लबाडी पकडणारा आपल्याला आवडतोच. आपल्याला गोड वाटणारी थापही तो पकडतो का? तथागतांनी कालामांना सांगितले, की आपला गुरू सांगतो एवढ्यावरच मानू नका. मग स्टेजवरच्या काकांचे का मानावे?

येत्या १४ एप्रिलला त्याच स्टेजवरून आम्ही चूक दुरुस्त करणार आहोत. मंडळाने पाच मिनिटे दिली आहेत. त्या मुलीलाच बोलू द्या, असे आमच्या सौ. म्हणतात.