नाम कोळ्याला, क्रियापद सावकाराला

आहुप्याच्या कड्यावर उभे राहिले की समोर खाली कोकण पसरलेले दिसते आणि पाठीशी घोड नदीचे खोरे असते. या डोंगरपट्ट्यातील महादेव कोळी समाजाचा एकोणिसाव्या शतकातील लिखित इतिहास शोधू लागलात, तर तो मुख्यतः इंग्रजी सरकारी कागदांत सापडेल. त्या कागदांत दोन शब्द पुनःपुन्हा भेटतील: गँग आणि डकॉइट. आजचा धागा अशा शब्दांविषयी आहे. त्या कागदांत लबाडी कोणाची नोंदली आहे हे जाणायचे असेल, तर नामांवर विसंबू नये, क्रियापदे वाचावीत, असे माझे मत आहे.

इंग्रजीपाशी फसवणुकीचे स्वतःचे शब्द काही थोडे नव्हते. चीट, फ्रॉड, डिसीट, ट्रेचरी, फोर्जरी. प्रत्येकाची छटा वेगळी. तरीही इंग्रजांनी आपल्याकडून ‘ठग’ नेला. हा शब्द संस्कृत ‘स्थग’पर्यंत मागे जातो आणि त्याच्या मुळाशी झाकणे, लपवणे हा अर्थ आहे. स्लीमनची मोहीम आणि १८३९ ची मेडोज टेलरची कादंबरी यांनी तो इंग्रजीत रुजवला. आज तिकडे ‘थग’ म्हणजे दांडगा, मारकुटा गुंड. मराठीतला ठक मात्र अजूनही गोड बोलूनच गंडवतो. म्हणजे शब्द नेला, त्यातील कपट गळून पडले आणि हिंसा तेवढी उरली. डाक्यापासून ‘डकॉइट’ झाला, लूट तर जशीच्या तशी गेली.

आता १८६० ची भारतीय दंडसंहिता पाहा. तिचा मूळ मसुदा मेकॉलेच्या आयोगाचा. याच मेकॉलेने १८४१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जवरील निबंधात कपट हा बंगाली माणसाचा जणू जन्मजात गुण ठरवला होता. संहितेत पाच किंवा अधिक माणसांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. साध्या ठकवणुकीला जास्तीत जास्त एक वर्ष. कायदा दोन्ही गुन्हे ओळखत होता, पण एक डोंगरात घडे आणि दुसरा कागदावर.

कागदावर तो कसा घडे, हे दख्खनच्या दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगापुढे आले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणले. हेतू असा की व्याज साचत राहू नये. सावकारांनी त्याच कायद्याचे हत्यार केले: दर तीन वर्षांनी नवा रोखा, थकलेले व्याज मुद्दलात मिळवलेले, खाली निरक्षर कुळाची निशाणी. फेडलेल्या रकमेची पावती द्यायची नाही. दावा लागला की कुळ गैरहजर आणि हुकूमनामा एकतर्फी. यात चाकू-कोयता कुठेच नाही. म्हणून डकॉइटसारखे ठसठशीत नाम त्या माणसाला मिळाले नाही. तो दप्तरात ‘मनीलेंडर’ राहिला, म्हणजे निव्वळ एक व्यवसाय.

या पार्श्वभूमीवर आंबेगाव भागातील जांभोरीचा होन्या केंगले वाचावा. १८७३ पासून त्याने माणसे जमवून सावकारांवर हल्ले सुरू केले. सरकारने त्याच्यावर बक्षीस लावले आणि १८७६ मध्ये मेजर डॅनियलने त्याला पकडले. (वासुदेव बळवंत फडके यांना १८७९ मध्ये पकडणारा डॅनियल तो हाच.) १८८५ चे पुणे जिल्हा गॅझेटिअर होन्याला टोळीचा नायकच म्हणते. पण त्याच ठिकाणी हेही मान्य करते की सावकार डोंगरी लोकांना नेहमीच फसवतात, छळतात आणि अधूनमधून गुन्ह्याकडे ढकलतात. सरकारी ग्रंथाची ही कबुली आहे! नाम कोळ्याच्या वाट्याला आले, सावकाराच्या वाट्याला क्रियापद. ग्रंथाच्या सूचीत नामे येतात, क्रियापदे येत नाहीत. सूचीवरून इतिहास वाचणाऱ्याला म्हणूनच दरोडेखोर सापडतो आणि फसवणारा निसटतो.

यावर कोणी म्हणेल की होन्याच्या माणसांनी हिंसा केलीच होती. केली होती, आणि ती झाकण्याचे कारण नाही. मराठीने मात्र ‘बंडकरी’ आणि ‘दरोडेखोर’ असे दोन शब्द राखले आहेत. त्यांतील निवड आपण पुरावा पाहून करावी, परक्या दप्तराचे भाषांतर करून नव्हे.

१८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांतील न्यायाधीशांना त्याने कर्जरोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासायला सांगितले. तोवर होन्या पकडला जाऊन तीन वर्षे झाली होती.

राघोजी भांगरे यांच्याविषयीच्या कागदांतील शब्दयोजना पुढच्या धाग्यात पाहू.