आजोबा नेमक्या कुठल्या बोटीवर होते? अमेरिकन कुटुंबं ८० वर्षांनी युद्धाचे कागद का शोधतायत

२ ऑगस्ट १९४३ च्या पहाटे सॉलोमन बेटांजवळच्या ब्लॅकेट सामुद्रधुनीत जपानच्या 'अमागिरी' या विनाशिकेने एका छोट्या अमेरिकन बोटीला धडक दिली. बोटीचे दोन तुकडे झाले. १३ पैकी दोघांचा जीव गेला, ११ जण वाचले. बोटीचा नंबर होता पीटी-१०९ आणि तिचा कॅप्टन होता जॉन एफ. केनेडी.

त्या ११ जणांवर पुस्तकं आली, सिनेमा आला. पण अमेरिकेने अशा पाचशेहून जास्त बोटी युद्धात उतरवल्या होत्या. त्यांच्यावर गेलेल्या हजारो पोरांच्या घरी आज बहुतेक वेळा एक वाक्य आणि एखादा फोटो एवढंच उरलंय. वाक्य असं, की आजोबा पीटीवर होते. कुठल्या बोटीवर, कुठल्या समुद्रात, काय काम करत होते, हे कुणालाच सांगता येत नाही.

विचारायचं तरी कुणाला? दुसऱ्या महायुद्धात १ कोटी ६० लाखांहून जास्त अमेरिकन सैन्यात होते. २०२४ च्या सरकारी अंदाजानुसार त्यातले ६६ हजारांच्या आसपास हयात होते, आणि तेही नव्वदी पार केलेले. मुलांनी विचारलं नाही, कारण बाप बोलत नव्हता. आता नातवंडं विचारतायत, तर उत्तर देणारा माणूसच नाही. त्यामुळे सगळी भिस्त कागदावर आली आहे.

पीटी बोट म्हणजे काय?

पीटी म्हणजे पेट्रोल टॉर्पेडो. यातलं पेट्रोल म्हणजे गस्त. इंधनवालं पेट्रोलही तिच्यात भरपूर असायचं, साधारण ११ हजार लिटर, आणि तेही विमानाचं. सुमारे २४ मीटर लांबीची ही लाकडी बोट तीन पॅकार्ड इंजिनांवर ताशी ७० किलोमीटरच्या पुढे पळायची. बोटीला चिलखत जवळपास नव्हतंच. थोडक्यात, पेट्रोलच्या टाकीवर बसून लढाईला जायचं.

सिनेमात या बोटी टॉर्पेडो सोडून मोठमोठी जहाजं बुडवताना दिसतात. प्रत्यक्षात त्यांचे सुरुवातीचे मार्क-८ टॉर्पेडो जुने आणि बेभरवशाचे होते. न्यू गिनीच्या किनाऱ्यावर त्यांचं खरं काम वेगळंच होतं. जपानी सैन्याला रसद नेणारे बार्ज रात्रीच्या अंधारात किनाऱ्याकिनाऱ्याने यायचे. ते हेरायचे आणि मशीनगन, तोफांनी फोडायचे. दिवसा लपायचं, रात्री निघायचं. आजोबांनी टॉर्पेडोचं नावही कधी काढलं नसेल, तर त्यात नवल नाही.

बोट सापडत नाही, कारण शोध चुकीच्या जागी सुरू होतो

घरचे लोक सहसा बोटीचा नंबर धरून शोधायला लागतात आणि तिथेच अडकतात. मोठ्या जहाजासारखी प्रत्येक पीटी बोट नौदलात स्वतंत्रपणे 'कमिशन' होत नसे. कमिशन व्हायची ती स्क्वॉड्रन, म्हणजे साधारण डझनभर बोटींचा ताफा. त्यामुळे नोंदीही प्रामुख्याने स्क्वॉड्रनच्या नावाने सापडतात. हजेरीपटात 'पीटी' शोधून काही मिळत नाही. तिथे 'एमटीबी स्क्वॉड्रन' किंवा त्याचं लघुरूप 'एमटीबीरॉन' आणि पुढे आकडा असतो. स्क्वॉड्रनचा आकडा कळला की युद्ध-डायरी, चकमकींचे अहवाल अशी एकेक दारं उघडत जातात.

नौदलाचे हे हजेरीपट म्हणजे मस्टर रोल. त्यात खलाशी असतात, अधिकारी नसतात. आजोबा लेफ्टनंट असतील तर तिथे त्यांचं नाव येणारच नाही. याचा अर्थ ते घरी थापा मारत होते असा होत नाही.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. 'पीटीवर होतो' म्हणणारे सगळे बोटीवर नव्हते. एका बोटीवर बारा ते सतरा माणसं असायची, पण बोटी चालू ठेवायला किनाऱ्यावरचे तळ आणि 'टेंडर' जहाजं लागायची. इंजिन उतरवणारे, टॉर्पेडो दुरुस्त करणारे, स्वयंपाकी, रेडिओवाले अशी मोठी माणसं तिथे राबत होती. नातवाला कागदात बोटीऐवजी तळाचं नाव दिसतं तेव्हा तो खट्टू होतो. माझ्या मते तसं व्हायचं कारण नाही. जंगलातल्या चिखलात, मलेरियात, सुट्या भागांच्या टंचाईत ती तीन इंजिनं चालू ठेवणं हे कमी प्रतीचं काम नव्हतं.

केनेडींचं नाव तर अशा बऱ्याच घरगुती गोष्टींत येतं. ती गोष्ट लगेच खोटी ठरवू नये. ऱ्होड आयलंडमधल्या मेलव्हिल इथे पीटीवाल्यांचं प्रशिक्षण केंद्र होतं आणि केनेडी तिथे आधी शिकले, मग काही काळ शिकवायलाही होते. आजोबा तेव्हा मेलव्हिलला होते का, हे हजेरीपटावरून पडताळता येतं.

'सगळं जळालं' हे अर्धसत्य

अमेरिकन सैनिकांच्या वैयक्तिक फायली सेंट लुईस शहरात आहेत. १२ जुलै १९७३ ला तिथे भीषण आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. पण त्या भूदलाच्या आणि हवाई दलाच्या होत्या. नौदलाच्या फायलींना मोठी झळ बसली नाही. तरीही 'आगीत गेलं असणार' असं म्हणून कित्येक घरांत अर्जच केला जात नाही. या विषयातला सर्वात महागात पडणारा गैरसमज बहुधा हाच.

नियम सोपा आहे. सेवेतून मुक्त झाल्याला ६२ वर्षं उलटली की फाइल सार्वजनिक होते. मग नात्याचा पुरावा लागत नाही, शुल्क भरून कुणीही प्रत मागू शकतं. अर्ज 'स्टँडर्ड फॉर्म १८०' वर करायचा. एक खबरदारी घ्यावी लागते. सैनिक सुटतो तेव्हा मिळणारा 'डीडी-२१४' हा दाखला अमेरिकेत सगळ्यांना माहीत असतो, पण तो १९५० पासून आला. १९४५-४६ मध्ये सुटलेल्या खलाशाकडे 'नॅवपर्स-५५३' नावाचा कागद असायचा. तो घरातल्या ट्रंकेत सापडला तर अर्धं काम झालं, कारण माणूस कुठल्या जहाजावर आणि तळावर होता याची यादी त्यावरच असते.

कोविडच्या काळात सेंट लुईसचं हे कार्यालय जवळपास ठप्प झालं होतं. तुंबलेले अर्ज २०२२ मध्ये सहा लाखांच्या घरात गेले आणि ते निपटायला २०२४ उजाडलं. ज्यांना दफनाच्या सन्मानासाठी किंवा पेन्शनसाठी कागद हवा होता, त्यांच्यासाठी ही थट्टा नव्हती.

आणखी एक गोष्ट खटकते. हजेरीपट आणि युद्ध-डायऱ्या जनतेच्या पैशातून तयार झाल्या. त्यांचं डिजिटायझेशन मात्र बरंचसं अॅन्सेस्ट्री, फोल्ड३ यांसारख्या खासगी कंपन्यांशी करार करून झालं. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या वाचनकक्षात ते फुकट बघता येतं, घरबसल्या या कंपन्यांच्या साइटवर बघायचं तर बऱ्याचदा वर्गणी भरावी लागते. सरकारकडे पैसा नव्हता आणि कंपन्या आल्या नसत्या तर कागद खोक्यांतच राहिले असते, हा युक्तिवाद मान्य. पण आपल्याच आजोबांचं नाव बघायला दर महिन्याला पैसे, हे पटणं अवघड आहे.

जे सापडतं ते सुखाचंच असतं असं नाही

२९ एप्रिल १९४४ ला न्यू ब्रिटन बेटाच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन विमानांनी आपल्याच पीटी बोटींवर हल्ला चढवला. पीटी-३४६ आणि पीटी-३४७ बुडाल्या, माणसं मेली. विमानांना वाटलं बोटी जपानी आहेत. अशा घटना अहवालांत स्पष्ट लिहिलेल्या आहेत, घरी आलेल्या तारेत मात्र 'कर्तव्य बजावताना' एवढंच असायचं. ऐंशी वर्षांनी हे वाचायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझा कल वाचण्याकडे आहे, पण आजी हयात असेल तर तिला सांगायची घाई मी करणार नाही.

संदर्भासाठी सगळेच १९६२ मध्ये सरकारने छापलेल्या 'अॅट क्लोज क्वार्टर्स' या पुस्तकाकडे वळतात. प्रत्येक स्क्वॉड्रन कुठे होती ते त्यात मिळतं आणि प्रस्तावना खुद्द केनेडींची आहे. त्याचे लेखक रॉबर्ट बल्कली आणि मार्च १९४२ मध्ये जनरल मॅकआर्थरना कॉरेगिडोरहून बोटीने बाहेर काढणारे जॉन बल्कली हे दोन वेगळे लोक. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, आणि त्यावरून गोंधळ ठरलेला.

प्रत्यक्ष बोट बघायची इच्छा असेल तर ते आणखी कठीण. युद्ध संपल्यावर फिलिपिन्समधल्या समार बेटावर इंजिनं काढून घेऊन शंभराहून जास्त बोटी किनाऱ्यावर जाळून टाकल्या. लाकूड कुजलेलं, परत नेण्याचा खर्च परवडणारा नव्हता. ज्या वाचल्या त्या योगायोगाने. न्यू ऑर्लिन्समध्ये बांधलेली पीटी-३०५ भूमध्य समुद्रात लढली, नंतर मागचा भाग कापून तिला कालवं पकडण्याच्या धंद्याला लावलं. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं राबून ती उभी केली आणि ती पुन्हा पाण्यात उतरली. पोर्टलंड आणि फॉल रिव्हर इथेही अशा बोटी जपल्या आहेत.

आपल्याकडे काय?

भारताकडे पीटी बोटी नव्हत्या, पण रॉयल इंडियन नेव्हीच्या लहान मोटर लाँच ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावरच्या खाड्यांमध्ये लढल्या. त्या नौदलात आणि व्यापारी जहाजांवर कोकणातली, विशेषतः रत्नागिरीकडची माणसं बरीच होती. युद्धात समुद्रावर गेलेल्या अविभाजित भारताच्या खलाशांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. रॉयल इंडियन नेव्हीचे चारशेहून जास्त आणि व्यापारी जहाजांवरचे सुमारे सहा हजार. हीच नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत ऑनलाइन फुकट शोधता येतात आणि काही नोंदींत वडिलांचं नाव, गावही असतं. फक्त नावं इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत, त्यामुळे एका इब्राहिमसाठी तीन-चार स्पेलिंग करून पाहावी लागतात.