लाट मोजता, मग आमचा पाऊस का नाही?



पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. तिथे समुद्राच्या लाटा तयार करतात. पुण्याला समुद्र नाही हे खरं, पण सिमेंटची लांबलचक टाकी आहे. तिच्या एका टोकाला फळी असते. ती यंत्राने मागेपुढे हलते आणि पाण्यात लाटा उठतात. दुसऱ्या टोकाला बंदरापुढे लाटा अडवणाऱ्या बांधाचा छोटा नमुना रचलेला असतो. नमुना ३६ पट लहान असेल तर समुद्रातली साडेतीन मीटरची लाट टाकीत दहा सेंटिमीटरची होते. दहा टनांचा सिमेंटचा ठोकळा तिथे दोनशे-सव्वादोनशे ग्रॅमचा भरतो. पाण्यात बारीक तारांच्या जोड्या उभ्या सोडतात. पाणी चढलं-उतरलं की तारांमधला विजेचा प्रवाह बदलतो आणि लाटेची उंची मिलिमीटरपर्यंत नोंदली जाते. तासन्‌तास लाटा आपटवून झाल्या की टाकी थांबवतात आणि किती ठोकळे जागचे हलले ते मोजतात. जास्त हलले तर तो नकाशा नापास. उतार बदला, ठोकळा जड करा, पुन्हा लाटा सोडा.

त्याआधी खाडीतही मोजणी होते. ध्वनियंत्राने खोली मोजतात, भरती-ओहोटी नोंदवतात, प्रवाहाचा वेग घेतात. नमुन्यातलं पाणी खाडीतल्या मोजणीशी जुळलं नाही तर त्या नमुन्यावर कुणी विसंबत नाही. न्हावा-शेवा बंदराचे अभ्यास इथेच झाले.

यात चुकीचं काहीही नाही. बंदर पक्कं हवंच, आपला कापूस त्याच वाटेने परदेशी जातो. (लाटेने न मोडणारं बंदर दिल्लीच्या एका कागदाने बंद होतं, ही गोष्ट वेगळी. ५ मार्च २०१२ ला कापसाच्या निर्यातीवर बंदी घातली तेव्हा बांधाचा एक ठोकळाही हलला नव्हता. भाव मात्र आपलाच हलला.) आपला सवाल इतकाच आहे, की सरकारला मिलिमीटर मोजता येतो हे खडकवासल्यात सिद्ध झालं आहे. मग तो कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावर आला की मोजमाप का बिघडतं?

या केंद्राचा जन्म कशासाठी झाला तेही ऐका. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने ते सिंचनाचा खास कक्ष म्हणून काढलं. उपलब्ध पाणी आणि शेतीची गरज यांचा मेळ घालणं हे त्याचं काम होतं. इंग्लिस नावाच्या इंग्रज इंजिनियरने पुण्यातच कालव्याचं पाणी मोजायच्या साधनावर काम केलं. कालवा एका जागी अरुंद करायचा, तळ थोडा उचलायचा. पाणी तिथून वेगाने सुटतं आणि पुढे एक उभी लाट जागच्या जागी राहते. मग अलीकडच्या पट्टीवर पाण्याची उंची वाचली की किती पाणी गेलं ते कळतं. वीज नको, संगणक नको. पाटकऱ्याला जमेल असं काम आहे.

आज किती चाऱ्यांच्या तोंडाशी ती पट्टी वाचता येते? आमच्या भागातल्या एका चारीवरची पट्टी गंजून अर्धी गळाली आहे आणि नोंदवहीत मात्र पाण्याचा आकडा नियमाने चढतो आहे. मग २०१२ साली जे झालं त्यात नवल काय? दहा वर्षांत सिंचन किती वाढलं यावर आर्थिक पाहणीचा आकडा आणि पाटबंधारे खात्याचा आकडा जुळेना. शेवटी नोव्हेंबरात श्वेतपत्रिका काढावी लागली. हजारो कोटी खर्चून ठोकळे किती हलले, तेच कुणी मोजलं नव्हतं.

पण आपल्यातल्या बहुतेकांना चारीच नाही. आपलं धरण म्हणजे आभाळ, आणि तिथली मोजणी तर त्याहून वाईट. २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी. कुठे नोंदला गेला? महसूल मंडळाच्या केंद्रात. एका मंडळात सरासरी वीस-एक गावं. मृगाचा पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसरं कोरडं ठेवतो, हे आपल्या घरातल्या पोरालाही माहीत आहे. केंद्राच्या गावी ४० पडला आणि तुमच्या शिवारात ९० पडून कपाशी झोपली, तर तुमचा पाऊस सरकारी कागदावर पडलाच नाही. आणि उलटंही होतं. केंद्रावर सरी आल्या आणि तुमची ज्वारी पोटऱ्यात वाळली, तर खंडही पडलेला नसतो. २०२३ साली हजारावर मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. मंडळाच्या रेषेच्या अलीकडे सवलत आणि पलीकडे वसुली. रेषा कागदावर होती, भेगा दोन्हीकडे होत्या.

एका बंदरासाठी टाकीत मिलिमीटर मोजायचा आणि वीस गावांचा संसार एका भांड्यावर तोलायचा, यालाच आम्ही ‘इंडिया’चं माप आणि ‘भारता’चं माप म्हणतो.

मागणी साधी आहे. गावागणिक पर्जन्यमापक बसवा आणि रोजचा आकडा त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. निरीक्षण विहिरीची पातळी जिच्या गावची आहे त्या गावाला कळवा. चारीच्या तोंडाची पट्टी दुरुस्त करा आणि नोंदवही शेतकऱ्याला पाहू द्या.

आणि तोवर हात बांधून बसायचं नाही. सरळ भिंतीचं भांडं घ्या, घर-झाडापासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट लांब, मोकळ्यावर, सपाट जागी ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा, वहीत लिहा, भांडं रिकामं करा. शाळेतली मुलगीसुद्धा हे करील. एका गावात दोन भांडी असली तर उत्तम, म्हणजे खोटेपणाचा आरोप कुणी करणार नाही. सरकार आज ही वही मानत नाही. मंडळातल्या वीसही गावांच्या वह्या एकाच दिवशी तहसीलदाराच्या टेबलावर ठेवल्या, की न मानण्याचं कारण त्याला लेखी द्यायला सांगू. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने वही ठेवणाऱ्या दोघांची नावं घेऊन यावं.