बाग रंगवताना हात उचला!

मित्रांनो, बागेचं चित्र काढताना आपण काय करतो? आधी पेन्सिलीने एकेक पान, एकेक फूल काढतो आणि मग रेषेच्या आत रंग भरतो. तैलरंगात असं केलं, की बाग कागदी फुलांच्या दुकानासारखी दिसू लागते. माझं पहिलं तैलचित्र असंच झालं होतं. कर्दळीचं एक पान मनासारखं जमेना, म्हणून मी ते पंधरा वेळा गिरवलं. शेवटी पानाच्या जागी राखाडी चिखल उरला!

तेव्हा आज पेन्सिल बाजूला ठेवा. शाळेची बाग असो नाहीतर गॅलरीतल्या चार कुंड्या, समोर बसा आणि डोळे अर्धवट मिटून बघा. पानं दिसेनाशी होतात. उरतात ते मोठे आकार : गडद सावली, मधला हिरवा, उन्हाचा तुकडा. हे आकार टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात आधी लावून घ्या. सावलीला काळा रंग नको. अल्ट्रामरीन निळ्यात थोडा बर्न्ट सिएना मिसळा. ट्यूबमधला हिरवा फार भडक वाटला, तर त्यात कणभर लाल घाला, लगेच शांत होतो. आणि रेंगाळू नका बरं का, दोन तासांत सावल्या जागा सोडतात!

आता खरी मजा. राठ केसांचा चपटा ब्रश घ्या, त्यावर भरपूर जाड रंग घ्या आणि पान ज्या दिशेने वाढतं त्याच दिशेने एक फटकारा मारा. कर्दळ खालून वर आणि बाहेर. गवत तुटक, उभं. बोगनवेलीची फुलं नुसती टेकवायची. फटकारा मारला, की हात उचला! पुन्हा त्यावरून ब्रश फिरवलात, की वरचा रंग खालच्या ओल्या रंगात मिसळतो आणि माझ्यासारखा चिखल होतो. चुकलं तर सुरीने खरवडा आणि नवा मारा. दर वेळी ब्रश चिंधीला पुसायचा. कंटाळा येतो, पण इलाज नाही.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग मे १८८९ मध्ये फ्रान्समधल्या सेंट-रेमी इथल्या मनोरुग्णालयात दाखल झाला. सुरुवातीला त्याला आवाराबाहेर जायची मुभा नव्हती. रंगवायला होती फक्त तिथली बाग. त्याच महिन्यात त्याने तिथली आयरिसची फुलं रंगवली. ते चित्र आज लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. कुठे त्याचा फोटो मिळाला तर पानं बघा : एकही दुसऱ्यासारखं नाही, प्रत्येक आपापल्या तऱ्हेने वळलेलं. निळ्या फुलांच्या गर्दीत पांढरं फूल मात्र एकच! पुढच्याच वर्षी तो गेला.

आई-बाबा, चित्र नाकाजवळ धरून ‘हे कुठलं फूल?’ असं विचारू नका हं. चार पावलं मागे जाऊन बघा. आणि एक काम तुमच्याकडे. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि तेव्हा उष्णता निर्माण होते. तेलकट चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला, तर तो आपोआप पेटू शकतो. म्हणून चिंध्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या डब्यात टाका. टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या हव्यात.

जाड रंग बरेच दिवस ओला राहतो. तोवर चित्र उंच जागी ठेवा, नाहीतर धाकट्या भावंडांच्या बोटांचे ठसे बागेत उमटतील!