कोऱ्या बायोडेटावरची पहिली ओळ

अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. डेटा इंजिनिअर होऊ पाहणारी मुलं हेच सांगतात, आणि त्यांची तक्रार खोटी नाही. पण या कामाचा अनुभव घ्यायला कंपनीचं दार उघडण्याची वाट पाहावी लागत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

लासलगावच्या कांद्याचे भाव घ्या. बाजार समित्यांचे रोजचे भाव केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेट या संकेतस्थळावर सर्वांना खुले आहेत. ते आपोआप उतरवून पोस्टग्रेस या मोफत डेटाबेसमध्ये भरायचे, एवढीच पाइपलाइन बांधायचं ठरवा. आठवडाभरात खरं काम समोर येतं. बाजार बंद असेल त्या दिवशी भाव शून्य धरायचा की जागा रिकामी ठेवायची? शून्य धरलात तर महिन्याची सरासरी कोसळते. इतर जिल्ह्यांचे भावही घेतलेत, तर जुन्या नोंदींत उस्मानाबाद, नव्यांत धाराशिव. जिल्हा एकच, हे संगणकाला सांगणार कोण? तीच फाइल चुकून दोनदा भरली गेली तर? अशा प्रश्नांशी झगडणं हाच अनुभव.

त्यासाठी डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा, एसक्यूएल, मात्र पक्की हवी. १९७०च्या दशकात आयबीएममध्ये जन्मलेली ही भाषा आजही या कामाचा पाया आहे; महागड्या क्लासआधी तिच्यावर हात बसवा. बँकेत, गोदामात, हिशेबात काम केलेल्यांनी तर स्वतःला नवखं समजूच नये. आकडा कुठे चुकतो, हे त्यांना ठाऊक असतं.

मुलाखत घेणाऱ्यांनाही एक विनंती: प्रमाणपत्रं मोजण्याआधी उमेदवाराची पाइपलाइन कुठे मोडली आणि ती त्याने कशी सावरली, हे विचारा.