नियम एक, नाके अनेक

सांताक्रूझला पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या कडेला रात्री घटकाभर उभे राहावे. गुजरातकडून येणाऱ्या मालमोटारींची रीघ दिसते. त्यांतील कोणती कायद्याइतके वजन घेऊन आली आणि कोणती दीडपट, हे पाहणाऱ्यास कळत नाही. ज्यांनी ते पाहावयाचे, त्यांची दृष्टीही राज्यागणिक बदलावी, ही मात्र चिंतेची गोष्ट आहे.

अमेरिकेत नियमच राज्याराज्यांत निराळे आहेत. ट्रेलर ज्या खिळ्याने पुढच्या गाडीला जोडतात, त्यापासून मागचा आस, म्हणजे चालकांच्या भाषेत एक्सल, किती दूर असावा? कॅलिफोर्नियात 40 फूट, फ्लोरिडात 41. म्हणून तेथील चालक हद्द येण्यापूर्वी आस सरकवून घेतो. आपल्याकडे हा घोळ नाही. आसावरील वजनाची मर्यादा केंद्र सरकार ठरविते. जुलै 2018 मध्ये चार चाकांच्या एका आसाची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन झाली, ती अच्छाडच्या अलीकडे आणि पलीकडे सारखीच.

बदलतो तो अंमल. जादा वजनाचे शुल्क घेऊन गाडी तशीच पुढे सोडण्याची काही राज्यांची वहिवाट सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2005 मध्ये बेकायदा ठरविली. 2019 साली केंद्राने जादा वजनाचा दंड 20 हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे 2 हजार असा केला. जादा माल उतरविल्यावाचून गाडी हलू देऊ नये, असेही सांगितले. परंतु त्या वर्षीच्या वाढीव दंडांपैकी अनेक गुजरातने कमी केले. महाराष्ट्राने तर ते लागू करणेच लांबणीवर टाकले. त्याच वर्षी गुजरातने आपले तपासणी नाके बंद केले, महाराष्ट्राचे पुढेही चालू राहिले. हद्द ओलांडली की कायद्याची धार बदलते, हा धडा चालकाने यातून घेतला तर दोष कोणाचा?

रस्ता मात्र हद्द ओळखत नाही. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झालेल्या चाचण्यांतून दिसले की, आसावरील वजन दुप्पट झाले तर रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते. वाहतुकीत वाचलेले पैसे माल पाठविणाऱ्याच्या खिशात जातात. डांबराचा खर्च करदात्याच्या माथी आणि खड्ड्याची किंमत दुचाकीस्वाराच्या हाडांनी चुकती होते.

कायदा केवळ गाडी हाकणाऱ्यास नव्हे, ती हाकविणाऱ्यासही दोषी धरतो. व्यवहारात पावती मात्र बहुधा पगारी चालकाच्या हाती पडते. हे उलटविले पाहिजे. वजन हद्दीवर नव्हे, माल भरतो तेथे व्हावे. काट्याच्या पावतीवाचून गाडी फाटकाबाहेर पडू नये. आणि जादा माल सापडल्यास पहिली नोटीस तो भरविणाऱ्याच्या दारी जावी. एका राज्याने दिलेली वजनाची पावती दुसऱ्याने मानावी, एवढा विश्वास शेजारी राज्यांत नसेल, तर देशभर एक नियम करून आपण काय साधले?

नियम एक करणे दिल्लीच्या हाती होते, ते झाले. तो एकसारखा पाळणे राज्यांच्या हाती आहे. ते त्यांनी आता करावे.