लुगडं मिळेल का लुगडं?

माझी आजी अंतरवाली सराटीला राहते. तालुका अंबड, जिल्हा जालना. २०२३च्या मराठा आरक्षण आंदोलनानं हे नाव घरोघरी पोचलं, नाहीतर पूर्वी प्रत्येकाला नकाशा दाखवावा लागायचा. दिवाळीला निघताना आजीची फोनवर एकच फर्माईश, "इरकली लुगडं आण. सुती, रोजच्याला."

आपण काय, क्लिकवाली पिढी! सर्चमध्ये टाकलं 'लुगडं'. निकाल शून्य. मग 'नऊवारी' टाकलं, तर ढोलपथकातल्या मुली घालतात तसल्या शिवलेल्या नऊवाऱ्या. साईज मीडियम, लार्ज! फिल्टरमध्ये रंग होते, किंमत होती, 'पार्टी वेअर'ही होतं. लांबी मात्र कुठेच नाही. शेवटी 'इरकल' आणि 'कॉटन'वर टिक करून एक मागवलं.

आजीनं घडी मोडली, हातानं मापलं आणि हसली. "अगं, ही तर पाचवारी! कासोटा कशाचा घालू?"

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. माझ्या पार्सलमध्ये होतं साडेपाच.

एका शॉपिंग साईटसाठी फिल्टर डिझाईन करणाऱ्या मैत्रिणीवर मी फोनवरच राग काढला. ती म्हणाली, "फिल्टरला कापड दिसत नाही गं, विक्रेत्यानं भरलेला फॉर्म दिसतो. लांबीचा रकाना सक्तीचा नसला की तो रिकामा सोडतो. मग फिल्टर देऊनही उपयोग नाही, 'नऊवारी'वर टिक केलीस की खरी नऊवारीसुद्धा यादीतून गायब!" शिवाय 'नऊवारी'ची रोमन स्पेलिंगं तीन-चार. ती एकमेकांना जोडायची, 'लुगडं' त्यांच्याशी जोडायचं, हे कुणीतरी बसून करावं लागतं. आणि त्या टीममध्ये लुगडं नेसणाऱ्या आजीची नात नसेल, तर हा शब्द सुचणार कुणाला?

गंमत म्हणजे एकाच वस्तूच्या अशा अनेक बाजू पाडायची पद्धत आपल्याच देशातल्या ग्रंथपालानं, एस. आर. रंगनाथन यांनी, १९३३मध्ये 'कोलन क्लासिफिकेशन'मध्ये पुस्तकांसाठी मांडली होती.

दुसऱ्या दिवशी आजीला घेऊन अंबडचं दुकान गाठलं. गादीवरच्या काकांनी विचारलं, "आजी, नऊवारीच ना? रोजचं का कार्याचं? काठ केवढा?" तीन प्रश्न, आणि समोर पाच लुगडी. आजीनं हिरवं उचललं.

मैत्रिणीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "सोमवारच्या मीटिंगमध्ये लांबीचा रकाना सक्तीचा करा म्हणून सांगते. आणि ते काका आणखी काय काय विचारतात, लिहून पाठव!"

पाचवारी मीच ठेवून घेतली. मला तेवढीच नेसता येते.